बारा लोकधुना, दोन वाद्ये: यान योहान्सन यांचा ‘जॅझ पो स्वेन्स्का’

स्वीडनमध्ये सर्वाधिक खपलेली जॅझ ध्वनिमुद्रिका कोणती, या प्रश्नाचे उत्तर गेली कित्येक दशके बदललेले नाही. ‘मेगाफोन’ या कंपनीने 1964 साली बाजारात आणलेल्या ‘जॅझ पो स्वेन्स्का’ (म्हणजे ‘स्वीडिशमधला जॅझ’) या अल्बमच्या अडीच लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्या काळी स्वीडनची लोकसंख्या ऐंशी लाखांच्याही आत होती, हे ध्यानात घेतले तर असा खप जॅझच्या वाट्याला सहसा येत नाही हे सांगण्याची गरज उरत नाही. या अल्बममध्ये गायक नाही, ड्रम्स नाहीत, ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनही नाही. पियानोवर यान योहान्सन, डबल बास या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर गेऑर्ग रीडेल, आणि त्या दोघांपुढे बारा जुन्या स्वीडिश लोकधुना, एवढाच काय तो ऐवज आहे.

इतक्या कमी सामग्रीवर इतकी लोकप्रियता मिळालेल्या कृतीविषयी जाणकार श्रोत्याच्या मनात दोन शंका येतात. एक म्हणजे ही कृती कानाला गोड आणि म्हणून सोपी असणार, आणि दुसरी म्हणजे तिच्या यशामागे संगीतापेक्षा गावाकडच्या आठवणींचा वाटा मोठा असणार. हा अल्बम मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि माझ्या मते या दोन्ही शंका गैरलागू आहेत. त्याचे खरे नुकसान केले आहे ते त्याच्या चाहत्यांनी. ‘मन शांत करणारे संगीत’ अशी त्याची ओळख करून दिली जाते आणि मग तो मंद आवाजात मागे वाजत ठेवला जातो. तसा ऐकला तर त्यातील निम्मे संगीत कानावर पडतच नाही, कारण ते निम्मे संगीत योहान्सन यांनी न वाजवलेल्या स्वरांमध्ये आणि त्या स्वरांच्या जागी रीडेल यांनी ठेवलेल्या खर्जात आहे.

योहान्सन यांची पूर्वपीठिका माहीत असेल तर या संयमाचे मोल अधिक कळते. त्यांचा जन्म 16 सप्टेंबर 1931 रोजी हेल्सिंगलँड प्रांतातील सॉडरहाम्न या समुद्रकाठच्या गावी झाला. गोथेनबर्ग येथील चाल्मर्स तंत्रविद्यापीठात ते विद्युत अभियांत्रिकी शिकत होते. पण त्याच शहरातील जॅझ मंडळींमध्ये त्यांचे वादन इतके रंगू लागले की पदवी अर्धवट सोडून त्यांनी वादनाचाच पेशा पत्करला. अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ त्या सुमारास कोपनहेगनमध्ये येऊन राहिले होते. योहान्सन त्यांच्या साथीला गेले, आणि तेथेच स्थायिक झालेल्या ऑस्कर पेटिफोर्ड या थोर बासवादकाबरोबरही त्यांनी वाजवले. 1960 च्या वसंत ऋतूत नॉर्मन ग्रँझ यांच्या ‘जॅझ ॲट द फिलहार्मोनिक’ या नावाजलेल्या संचातून गेट्झ यांचे पथक युरोपभर फिरले, तेव्हा पियानोवर योहान्सन होते. या संचात बोलावणे आलेले पहिले युरोपीय वादक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच दौऱ्यात ऑस्कर पीटरसन यांचे त्रिकूट होते आणि माइल्स डेव्हिस यांचे पथकही होते, ज्यात त्या वेळी जॉन कोल्ट्रेन वाजवत होते. म्हणजे हा मनुष्य खेड्यातील मेळ्यांतून लोकधुना वाजवत वर आलेला नव्हता. त्या काळच्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत अटीतटीच्या जॅझमध्ये उभे राहण्याची ताकद त्याने सिद्ध केलेली होती, आणि बोटांत एवढी गती असताना त्याने ती मुद्दाम बाजूला ठेवली.

1961 मध्ये ते स्टॉकहोमला आले आणि आर्ने डोम्नेरुस यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. तेथे त्यांना रीडेल भेटले. रीडेल यांचा जन्म 1934 मध्ये चेकोस्लोव्हाकियातील कार्ल्सबाड येथे झाला होता आणि लहानपणीच ते कुटुंबासह स्वीडनमध्ये आले होते. ज्या अल्बमला पुढे ‘अस्सल स्वीडिश’ म्हणून डोक्यावर घेतले गेले, त्याच्या दोन वादकांपैकी एक जण निर्वासित कुटुंबातला होता, ही गोष्ट या अल्बमवरील राष्ट्राभिमानी लेखनात फारशी आढळत नाही. मला मात्र ती महत्त्वाची वाटते, कारण रीडेल यांचा बास या धुनांना कधीही ओळखीच्या लडिवाळपणाने हाताळत नाही. प्रत्येक धून जणू प्रथमच समोर आली आहे, तिची घडण अजून समजून घ्यायची आहे, अशा सावधपणे तो चालतो.

लोकधून आणि जॅझ यांची गाठ स्वीडनमध्ये योहान्सन यांच्याही आधी पडलेली होती. 1951 मध्ये स्टॅन गेट्झ स्टॉकहोमला आले असताना त्यांनी पियानोवादक बेंग्ट हॉलबेरी यांच्यासह ‘आक वेर्मेलँड दु शॉना’ ही जुनी धून मुद्रित केली. तीच धून पुढे ‘डिअर ओल्ड स्टॉकहोम’ या नावाने अमेरिकेत गेली आणि माइल्स डेव्हिस यांच्यामुळे जगभर पसरली. बॅरिटोन सॅक्सोफोनवादक लार्स गुलिन यांच्या स्वतंत्र रचनांमध्येही लोकसंगीताची छाया स्पष्ट दिसते. 1962 मध्ये बेंग्ट-आर्ने वॉलीन यांनी ‘ओल्ड फोकलोर इन स्वीडिश मॉडर्न’ या अल्बममध्ये लोकधुनांना मोठ्या वाद्यवृंदाचा भरजरी साज चढवला. हे सारे प्रयत्न उत्तमच आहेत. परंतु बहुतेकांची रीत अशी आहे की धून उचलायची, तिला अमेरिकी जॅझच्या आकृतिबंधात बसवायची, म्हणजे आधी मुखडा, मग एकामागून एक वादकांची एकल आवर्तने आणि शेवटी पुन्हा मुखडा, आणि या सगळ्याखाली ड्रम्सचा अखंड झुलता ठेका ठेवायचा. धून त्यात निमित्तमात्र राहते. योहान्सन यांनी उलट केले. त्यांनी धून जागेवरच ठेवली आणि जॅझमधील किती गोष्टी काढून टाकता येतात ते पाहिले.

माळव्यातील लोकधुनांकडे कुमार गंधर्व ज्या नजरेने पाहत असत, त्याची येथे साहजिकच आठवण होते. पण फरकही तितकाच ठळक आहे. कुमारजींना धुनेच्या पोटात लपलेला राग दिसत असे आणि ते त्याचा विस्तार करीत. योहान्सन विस्तार जवळजवळ करतच नाहीत. बहुतेक रचना तीन-चार मिनिटांत आटोपतात, काही तर दोन मिनिटांच्या आसपासच संपतात, आणि त्यातील उपज मूळ धुनेच्या इतकी लगत राहते की धून कोठे संपली आणि वादकाचे स्वतःचे म्हणणे कोठे सुरू झाले हे पहिल्या ऐकण्यात सांगता येत नाही.

या धुना आल्या कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. नील्स आंदेर्सन या कायद्याच्या क्षेत्रातील गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गावोगावच्या फिडलवादकांकडून, म्हणजे लोकसंगीतातील व्हायोलिन वाजवणाऱ्यांकडून, धुना लिहून घेण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर 1922 ते 1940 या काळात ‘स्वेन्स्का लोतार’ या नावाने तो संग्रह चोवीस खंडांत छापला गेला, आणि योहान्सन यांनी आपले साहित्य मुख्यतः या छापील भांडारातून निवडले. औद्योगिकीकरणाबरोबर खेड्यातील फिडलवादन ओसरत चालले होते आणि चर्चच्या काही पंथांनी फिडलला पापाचे वाद्य ठरवून अनेकांना ते सोडायला लावले होते. अशा काळात चित्रकार आंदेर्स झॉर्न यांनी 1906 मध्ये दालार्ना प्रांतातील गेसुंडा येथे फिडलवादकांची स्पर्धा भरवली, आणि त्याच लाटेवर धुना गोळा करण्याच्या कामालाही बळ मिळाले. थोडक्यात, योहान्सन यांच्यापुढे जिवंत परंपरा नव्हती, तर कागदावरचे स्वरलेखन होते. फिडलवादकाच्या गजाचा दाब, स्वरांच्या कडेला घेतलेल्या लहान मुरक्या, पायाचा ठोका यांपैकी काहीही कागदावर नीट उतरत नाही. ही रिकामी जागा योहान्सन यांनी फिडलची नक्कल करून भरली नाही. ती त्यांनी आपल्याजवळ असलेल्या ब्लूजने, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगायनातून आलेल्या शैलीने, भरली.

अल्बमची सुरुवात ‘विसा फ्रोन उतानमीरा’ या धुनेने होते. उतानमीरा हे दालार्ना प्रांतातील सिल्यान सरोवरात वसलेल्या सोलेरॉन बेटावरचे एक गाव आहे. धून मायनर स्वरसप्तकातील आणि अतिशय संथ आहे. योहान्सन ती सुरुवातीस जवळजवळ उघडी ठेवतात, एका हाताने गाता येईल इतकी साधी, आणि खाली बास मोजके, टपोरे स्वर टाकत जातो. त्यानंतर पियानोची उपज सुरू होते तेव्हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबा येतो. हा थांबा विसाव्याचा नाही; पुढील स्वर कोणता घ्यावा याचा विचार श्रोत्याच्या कानासमोर चालला आहे असे वाटायला लावणारा आहे. मधूनच एक स्वर त्याच्या लगतच्या खालच्या पट्टीवरून घसरत वर येतो. अमेरिकी ब्लूज पियानोवादकांची ही जुनी युक्ती आहे. दोन पट्ट्यांच्या मधला जो स्वर पियानोवर अस्तित्वातच नाही, त्याचा भास निर्माण करण्यासाठी ती वापरली जाते. स्वीडनच्या जुन्या गायनात, विशेषतः गुराखी स्त्रियांच्या हाकांमध्ये, असेच मधले गंधार आणि मधले निषाद सर्रास येतात, जे पियानोच्या ठरावीक स्वरांत बसत नाहीत. दालार्नाचे खेडे आणि मिसिसिपीचे खोरे या एका घसरत्या स्वरात एकत्र येतात, आणि दोहोंपैकी कोणावरही जबरदस्ती झाल्यासारखे वाटत नाही. माझ्या दृष्टीने या अल्बमचा सर्वांत मोठा शोध तो हाच.

दुसरी रचना ‘गोंगलेक फ्रोन एल्वदालेन’ ही चालत्या लयीतली आहे आणि पहिल्या रचनेचा भारलेपणा झटकून टाकते. येथे झुलती लय उघडपणे येते, पण ड्रम्स नसल्यामुळे ती सगळी रीडेल यांच्या बोटांवर तोलली गेली आहे. ज्यांना बासकडे लक्ष देण्याची सवय नाही, त्यांनी ही रचना एकदा केवळ बासचा माग काढत ऐकावी. तो पियानोच्या मागे चालत नाही. पुष्कळदा तो पियानोला उत्तर देतो, कधी पियानो थांबलेला असताना पुढच्या वाक्याची दिशा आधीच दाखवून ठेवतो.

‘पोल्स्का’ हा प्रकार समजून घेतल्याखेरीज या अल्बमचा मधला भाग पूर्ण हाती लागत नाही. पोल्स्का हे तीन मात्रांच्या आवर्तनातील नृत्य आहे, परंतु ते वॉल्ट्झ नव्हे. वॉल्ट्झमध्ये जोर पहिल्या मात्रेवर असतो, तर पोल्स्कात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पाय पडतो. शिवाय काही प्रांतांत या तीन मात्रांची लांबीही सारखी नसते. एक मात्रा आखूड आणि दुसरी ताणलेली, असा लंगडता डौल त्यात येतो. जॅझवादक तीन मात्रांची धून पाहताच तिचा जॅझ वॉल्ट्झ करून मोकळा होतो, कारण ती चाल त्याच्या हातात बसलेली असते. ‘पोल्स्का फ्रोन मेडेलपाद’ आणि ‘बेरी-शिर्स्तिस पोल्स्का’ या दोन रचनांमध्ये योहान्सन यांनी तो सोपा मार्ग टाळला आहे. तिसऱ्या मात्रेचे वजन ते डाव्या हाताने राखतात आणि उजव्या हाताचे वाक्य त्या वजनावरून पुढच्या आवर्तनात ढकलतात. ‘बेरी-शिर्स्तिस पोल्स्का’ ही तर सगळ्या अल्बममधील सर्वांत खट्याळ रचना आहे, आणि ‘शांत पियानो’ म्हणून हा अल्बम विकत घेणाऱ्या माणसाने ती ऐकल्यावर आपली फसवणूक झाली असे मानले तरी मी त्याला दोष देणार नाही.

‘वॉलोत फ्रोन येम्टलँड’ ही गुराख्यांची धून. उन्हाळ्यात गुरे डोंगरातील कुरणांवर नेऊन तेथेच मुक्काम करण्याची पद्धत उत्तर आणि मध्य स्वीडनमध्ये होती, आणि तेथील स्त्रिया दूरवरच्या गुरांना हाका मारण्यासाठी उंच पट्टीतील विशिष्ट गायन करीत किंवा शिंगे फुंकत. हे संगीत मोकळ्या रानासाठी घडलेले आहे. त्याला ठेका नसतो, घुमणाऱ्या प्रतिध्वनीची सोबत असते. ही रचना अल्बममधील सर्वांत लहान रचनांपैकी आहे, आणि माझी तक्रार अशी की ती फारच लवकर आवरती घेतली आहे. येथे तरी योहान्सन यांनी आपल्या काटकसरीला सुट्टी द्यायला हवी होती. तीच गोष्ट ‘ब्रूदमार्श एफ्तेर लार्शॉगा योंके’ या वधूच्या मिरवणुकीच्या धुनेची. धून समोर आली, तिचे रूप न्याहाळले, आणि आता काही घडेल म्हणेपर्यंत पुढची रचना सुरू होते.

‘एमिग्रांतविसा’ हे देशांतर करणाऱ्यांचे गीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1930 पर्यंत बारा लाखांहून अधिक लोक स्वीडन सोडून मुख्यतः अमेरिकेत गेले. लहान शेती, दुष्काळ आणि वाढते कर्ज ही त्यामागची कारणे होती. या विषयावर भावविवश होणे अतिशय सोपे होते. योहान्सन यांनी ते गीत कोरडेपणाच्या अगदी सीमेवर जाऊन वाजवले आहे आणि त्यामुळेच ते मनात रुतते. अमेरिकेहून आलेल्या संगीतशैलीत अमेरिकेला गेलेल्यांचे गाणे वाजवण्यात जो विचित्र फेरा आहे, त्याकडे वादकांनी कोठेही बोट दाखवलेले नाही.

शेवटच्या काही रचनांत मात्र अल्बमची एक मर्यादा जाणवते. बाराही रचनांचा आवाजाचा पल्ला बराचसा सारखा आहे. मोठ्याने वाजवलेला असा एकही भाग नाही. ‘गामाल ब्रॉलोप्समार्श’ आणि ‘विसा फ्रोन येर्ना’ या दोन्ही रचना स्वतंत्रपणे ऐकल्या तर सुंदर आहेत, पण एका बैठकीत दहाव्या-अकराव्या क्रमांकावर त्या येतात तेव्हा कानाला बदल हवासा झालेला असतो. याचे एक कारण अल्बमच्या जन्मकथेत आहे. हे सारे मुद्रण एका सलग सत्रात झालेले नाही. 1962 ते 1964 या काळात टप्प्याटप्प्याने ते होत गेले आणि त्यातील काही रचना आधी छोट्या तबकड्यांवर निघाल्या होत्या. मोठी तबकडी ही या साऱ्याची नंतर केलेली जुळवणी आहे. त्यामुळे पहिली बाजू आणि दुसरी बाजू वेगवेगळ्या वेळी ऐकणे हाच तिचा योग्य उपभोग होय, असे माझे स्पष्ट मत आहे. सलग बारा रचना वाजवणारी आजची साधने या बाबतीत तिच्या उपयोगाची नाहीत.

ध्वनिमुद्रणाच्या गुणवत्तेबद्दल कौतुकाखेरीज दुसरे काही लिहिता येत नाही. पियानोच्या स्वराला लांब, स्वच्छ घुमारा आहे आणि त्यामुळे एकेक सुटा स्वर विरेपर्यंत ऐकता येतो. बास मात्र जवळ, कोरडा आणि लाकडाचा पोत दाखवणारा आहे. या दोन अंतरांमुळे दोनच वाद्यांची जागाही मोठी भासते. ज्या संगीताची सारी भिस्त विरामांवर आहे, त्याला असा घुमारा लाभला नसता तर ते विराम नुसती पोकळी वाटले असते. साध्या मोबाइल स्पीकरवर बासचे खालचे स्वर नाहीसे होतात आणि मग उरलेला पियानो खरोखरच हॉटेलातल्या पियानोसारखा वाटू लागतो. ज्यांनी हा अल्बम ऐकून ‘यात विशेष ते काय’ असे म्हटले आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी तो अशाच साधनावर ऐकला असावा, असा माझा अंदाज आहे. चांगले हेडफोन ही येथे चैन मानू नये.

गावाकडच्या आठवणींविषयीच्या शंकेचे उत्तर योहान्सन यांच्या पुढील कारकीर्दीत सापडते. लोकधुनांचा हा प्रयोग इतका यशस्वी झाल्यावर दुसऱ्या कोणी त्याचाच दुसरा आणि तिसरा भाग काढला असता. योहान्सन यांनी 1967 मध्ये काढला तो ‘जॅझ पो रिस्का’, म्हणजे रशियन धुनांचा अल्बम, आणि तोही शीतयुद्ध ऐन भरात असताना. मायदेशाच्या मातीचा गंध हा त्यांचा विषयच नव्हता, हे त्यावरून उघड व्हावे. साधी, घट्ट बांधणीची सुरावट जॅझच्या हाती दिली तर ती किती भार पेलते, हे त्यांना पाहायचे होते, मग ती सुरावट कोणत्या देशाची आहे हा प्रश्न दुय्यम होता. स्वीडिश आकाशवाणीच्या जॅझ वाद्यवृंदासाठी त्यांनी लिहिलेल्या रचना तर अगदी वेगळ्या वळणाच्या आहेत. त्यांत चमत्कारिक मात्रासंख्या आहेत, टोकदार स्वरमेळ आहेत, आणि प्रकाशाच्या वेगाचा आकडाच शीर्षक म्हणून लावण्याइतका अभियंत्याचा खोडकरपणाही आहे.

त्यांची सर्वाधिक लोकांच्या कानावर गेलेली चाल मात्र या सगळ्यापेक्षा निराळीच आहे. बालसाहित्यिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या पिप्पी या मुलीवरील दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत लिंडग्रेन यांनी लिहिले आणि त्याला चाल दिली योहान्सन यांनी. मालिका 1969 मध्ये प्रसारित झाली, तेव्हा ते हयात नव्हते. 9 नोव्हेंबर 1968 रोजी यॉन्शॉपिंग येथील चर्चमधल्या कार्यक्रमाला जात असताना मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय अवघे 37 होते. रीडेल पुढे 2024 पर्यंत जगले आणि लिंडग्रेन यांच्याच एमिलच्या गोष्टींवरील चित्रपटांची गाणी त्यांनी केली. एका स्वीडिश पिढीचे बालपण, म्हणजे, या दोन जॅझवादकांच्या चालींवर गेले. योहान्सन यांचे दोन मुलगे, आंदेर्स आणि येन्स, हेही वादकच झाले, पण हेवी मेटलचे. वडिलांचे मुद्रण जपून ते ‘हेप्टागॉन’ या आपल्या कंपनीतर्फे पुन्हा उपलब्ध करून देण्याचे काम मात्र त्यांनी मनापासून केले आहे.

जॅझवर या अल्बमचा परिणाम किती खोल झाला, हे पुढच्या पिढीतील पियानोवादक एस्ब्यॉर्न स्वेन्सन यांच्याकडे पाहिल्यावर कळते. त्यांचा जन्म 1964 चा, म्हणजे हा अल्बम निघाला त्याच वर्षीचा. 1997 मध्ये त्यांनी ट्रॉम्बोनवादक नील्स लांडग्रेन यांच्याबरोबर ‘स्वीडिश फोक मॉडर्न’ हा लोकधुनांचा अल्बम केला, त्यात योहान्सन यांची वाट स्पष्ट दिसते. ज्या नितळ, थंड, मोकळ्या जागांनी भरलेल्या वादनशैलीला आज ‘नॉर्डिक जॅझ’ म्हणून जगभर श्रोते आहेत, तिच्या बऱ्याच गोष्टी येथून निघाल्या. अर्थात या वारशाचा एक वाईट परिणामही झाला आहे. योहान्सन यांचा संथपणा उचलून त्यातील ब्लूज आणि पोल्स्काची लय सोडून देणाऱ्या अनुकरणांची त्यानंतर रीघ लागली, आणि त्या पुळचट अल्बमांच्या गर्दीत मूळ अल्बमही त्यांच्यासारखाच असेल असा समज नव्या श्रोत्यांचा होतो.

विकत घेताना काय निवडावे, याबद्दल थोडे सांगतो. सीडीवर हा अल्बम ‘फोल्कविसोर’ या नावाने ‘जॅझ पो रिस्का’सह एकत्र मिळतो. पैशांच्या हिशेबाने ते सोयीचे आहे आणि एका तबकडीत दोन पूर्ण अल्बम पदरात पडतात. पण दोन्हींचा स्वभाव इतका भिन्न आहे की स्वीडिश भागाच्या शेवटच्या स्वरानंतर लगेच रशियन भागातील मोठ्या संचाचा गजबजाट सुरू होतो तेव्हा दचकायला होते. स्वीडिश भाग संपताच यंत्र थांबवणे उत्तम. ‘जॅझ पो रिस्का’ हा अल्बम म्हणून मला उतरता वाटतो. त्यातही सुरेख जागा आहेत, वाद्यांचे रंग अधिक आहेत, परंतु काही धुना आधीच इतक्या परिचित आहेत की त्यांतून नवे काही काढण्याऐवजी त्यांना चांगला पोशाख घालण्यावरच भागवले आहे. ज्यांच्याकडे तबकडीवादक आहे त्यांनी पुनर्मुद्रित तबकडी घ्यावी. बाजू उलटण्यासाठी उठावे लागते, त्यामुळे मधला अवकाश आपोआप मिळतो, आणि या अल्बमला तो लागतोच. पियानो शिकणाऱ्यांसाठी या रचनांचे स्वरलेखनही छापील मिळते. ‘विसा फ्रोन उतानमीरा’चे पान पाहिले तर ते वाजवणे नवशिक्यालाही जमेल असे वाटते आणि स्वर खरोखरच जमतात, त्यांच्यामधल्या अंतराचे काय करायचे ते मात्र कागद सांगत नाही.

या अल्बमनंतर लगेच योहान्सन यांचा दुसरा कोणता अल्बम ऐकावा, असे कोणी विचारले तर मी 1961 च्या ‘ओत्ता बीतार’कडे बोट दाखवीन. त्यात गुनार जॉन्सन यांचा बास आणि इंगवार काल्मेर यांचे ड्रम्स आहेत. अमेरिकी जॅझमधील नेहमीच्या रचना त्यात आहेत, ब्लूज आहेत, आणि त्यांच्या मध्येच ‘दे सोल्दे सीना हेम्मान’, म्हणजे आपली शेती विकून परदेशी निघालेल्यांचे गाणेही आहे. तीन वर्षांनी निघालेल्या ‘एमिग्रांतविसा’च्या शेजारी ते ठेवून ऐकावे. ड्रम्स असताना योहान्सन या दुःखाला कसे सामोरे जातात आणि ड्रम्स काढून घेतल्यावर कसे, हे त्या दोन मुद्रणांत सरळ कानांनी तपासता येते. ‘इन्नरत्रिओ’ हा त्याच सुमाराचा अल्बमही हाताशी असेल तर आणखी चांगले, कारण वेगात वाजवणारे योहान्सन कसे होते याचा पुरावा तेथे मिळतो.